कणकेचा हात

आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघराच्या फळीवर ट्रान्झिस्टर असायचा. आई पोळ्या करत असताना विविधभारतीवर तिच्या आवडीचं गाणं लागलं की तिला आवाज मोठा करावासा वाटे, पण हात कणकेने भरलेले. मग ती बोटं न लावता मनगटाची कड बाजूच्या दातेरी चकतीला टेकवायची आणि हलकेच वर सरकवायची. नजर तव्यावरच. किती सरकवलं की आवाज किती वाढतो, हे तिच्या मनगटाला पाठ होतं. पोळी फुगायच्या आत काम झालेलं असे.

गेल्या वर्षी मी दिवाणखान्यात स्ट्रीमर आणला. इंटरनेटवरचं गाणं ओढून घेऊन अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवणारा डबा, एवढीच त्याची ओळख. पुढच्या अंगाला पाच इंचांचा टचस्क्रीन, बटण एकही नाही. आई आता ७८ वर्षांची आहे. मी तिला दाखवलं, हे असं बोट टेकवायचं, की गाणं थांबतं. तिने बोट टेकवलं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं, मग बटण लागत नसलं की आपण सगळेच करतो तसं जोर देऊन दाबलं आणि धरून ठेवलं. पडद्यावर भलताच मेनू उघडला. ती मागे सरली आणि म्हणाली, "राहू दे रे, तू आलास की लाव."

दोष तिचा नव्हता. या काचेखाली अतिसूक्ष्म विद्युतभार पसरलेला असतो. बोट जवळ आलं की त्यातला अंशभर बोटाकडे ओढला जातो आणि तेवढ्यावरून यंत्र जागा ओळखतं. किती जोरात दाबलं याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. वयाने कोरडी पडलेली, घट्टे पडलेली त्वचा त्याला नीट जाणवत नाही. ओल्या हाताने उलट गोंधळ होतो, कारण पाण्याचा थेंबही त्याला बोटासारखाच भासतो. घर चालवणाऱ्या माणसाचा हात दिवसभरात एक तर ओला असतो, नाही तर पिठाचा, तेलाचा. त्या हाताचा विचार करून ही काच घडवलेली नाही.

पण म्हणून टचस्क्रीन टाकाऊ आहे, असं मला म्हणायचं नाही. तो कशासाठी जन्माला आला, हे पाहिलं तर उलगडा होतो. इंग्लंडमधल्या माल्व्हर्न इथल्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली अशा पडद्याची कल्पना मांडली. डोळ्यांसमोर होते विमानवाहतूक नियंत्रक. समोर यादी आहे, तिच्यातलं नेमकं एक निवडायचं आहे आणि टंकत बसायला वेळ नाही. मग त्या नावावरच बोट ठेवा. यादीतून निवडणं हे स्पर्शपडद्याचं मूळचं काम आणि त्यात त्याचा हात धरणारं आजही दुसरं काही नाही. लाखो गाण्यांतून एक शोधायचं असेल, तर रिमोटवरचा उजवा बाण चाळीस वेळा दाबून एकेक अक्षर जुळवण्यापेक्षा काचेवरचा कीबोर्ड कितीतरी बरा. मुखपृष्ठांची रांग बोटाने सरकवत, चाळत जाण्यात कॅसेटच्या दुकानात पुठ्ठे उलटण्याचा थोडा तरी आनंद आहे. दक्षिण कोरियाच्या हायफाय रोझने आपल्या आरएस १५० या स्ट्रीमरची सगळी पुढची बाजूच १४.९ इंचांचा पडदा केली, ती याच आनंदाला ओळखून केली असावी.

आवाज कमी-जास्त करणं ही मात्र निवड नाही. ती कानाने घ्यायची चव आहे. थोडं वाढवून पाहायचं, जास्त वाटलं तर अर्धा घास मागे. नॉब हाताला क्षणोक्षणी सांगत असतो, मी इथे आहे, आता इतका फिरलो. काच काहीच सांगत नाही. तिच्यावर रंगवलेली पट्टी डोळ्यांनीच शोधावी लागते आणि बोट कणभर घसरलं की आवाज कुठल्या कुठे जातो. आमच्याकडे एकदा रात्री साडेअकराला हे घडलं. बहिणीचं तान्हं बाळ आतल्या खोलीत नुकतं झोपलं होतं, मी आवाज आणखी खाली आणायला गेलो आणि पट्टीवरचं बोट उलट दिशेला ओढलं गेलं. तानपुऱ्याची जोडी एकदम घरभर गर्जली. घाबरून मी खाली ओढत राहिलो, तर पडदा एक क्षण मागेच राहिला. तो एक क्षण मला अजून आठवतो. बाळ तासभर रडत होतं.

मोटारींच्या जगाने हा धडा घेतला आहे. युरो एनकॅप ही गाड्यांची सुरक्षितता तपासणारी संस्था २०२६पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा मूलभूत गोष्टींसाठी हाताला लागणारी खरी बटणं आहेत का, हे पाहून गुण देणार, असं तिने आधीच जाहीर केलं होतं. कारण सरळ आहे, चालकाचे डोळे रस्त्यावर हवेत. गाणं ऐकणाऱ्याचे डोळे कुठे हवेत, असं मी स्वतःला विचारलं. ते मिटलेले हवेत. विलंबित ख्याल सुरू आहे, गवई षड्जाशी खेळतो आहे, अशा वेळी आवाज जरासा खाली आणण्यासाठी डोळे उघडून उजळलेल्या पडद्याकडे पाहावं लागलं, तर ती दोन मिनिटं हातची गेली. अपघात होत नाही, कुणी मरत नाही, म्हणून हे नुकसान कुणी मोजत नाही. मला ते मोठं वाटतं.

पडद्याचा दुसरा धर्म दाखवण्याचा आहे आणि तो मला स्पर्शाहून जास्त मोलाचा वाटतो. आजोळी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. तो सुरू केला की आधी नुसता ऊबदार वास यायचा, मग काचेमागे दिवा लागायचा, २५, ३१, ४१ मीटरचे आकडे उजळायचे आणि कोपऱ्यात एक हिरवा डोळा उघडायचा. मॅजिक आय. आरसीएने १९३५मध्ये बाजारात आणलेल्या नळीचा हा वंश. स्टेशन नीट लागत नसलं की त्या हिरव्यात काळी फट रुंद दिसायची; काटा हळूहळू हलवत नेमका लागला की फट मिटत यायची. मामा आम्हाला काट्याला हात लावू द्यायचा नाही, पण डोळा बघत बसायला परवानगी होती. हाताने फिरवायचं, कानाने ऐकायचं आणि डोळ्यांनी पडताळायचं. तिघांना आपापलं काम होतं. त्या हिरव्या डोळ्याला स्पर्श करून काही घडावं, अशी अपेक्षा कुणाची नव्हती आणि तरीही तो त्या रेडिओतला सगळ्यात जिवंत भाग होता.

आजच्या पडद्याने दाखवायचं ठरवलं, तर काय काय दाखवता येईल! आपल्या संगीताला याची फार गरज आहे. फिल्मी गाण्याचा मुखडा ऐकताच गाणं ओळखू येतं, पण मैफलीचं ध्वनिमुद्रण चालू असताना राग कोणता, ताल कोणता, साथीला कोण, हे नवख्या ऐकणाऱ्याला समोर लिहिलेलं दिसलं, तर तो हळूहळू जाणता होतो. माझ्या पडद्यावर काय दिसतं? 'राग शुद्ध कल' आणि पुढे तीन टिंबं. कल्याण आहे हे मला माहीत आहे म्हणून कळतं. तबलजी, पेटीवाला यांचा पत्ता नाही. जिथे गायकाचं नाव हवं तिथे पुष्कळदा रेकॉर्ड कंपनीने काढलेल्या संग्रहाचं नाव असतं. आणि हे सगळं इतक्या बारीक अक्षरांत की दहा फुटांवरच्या खुर्चीतून वाचता येऊ नये. इथेच या यंत्रांची गल्लत होते. बोट लावायचं तर माणूस हाताच्या अंतरावर हवा आणि ऐकायचं तर तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला हवा. स्पर्श गृहीत धरून पडदा आखला की अक्षरं जवळच्यासाठी बेतली जातात आणि ऐकणारा वाचनातून बाद होतो.

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं. पडदा हवाच कशाला, फोन आहे ना हातात! अनेक चांगले स्ट्रीमर पडद्याविना येतात ते याच हिशेबाने. फोनवर निवडा, डबा परस्पर इंटरनेटवरून गाणं उचलेल. सोय मोठी आहे, मीही रोज वापरतो. पण गाणं बदलायला फोन उचलला की त्यावर तीन निरोप येऊन पडलेले असतात आणि गाणं बाजूलाच राहतं. त्याहून खटकणारी गोष्ट वेगळी आहे. फोन एकाचा असतो. घरातलं गाणं माझ्या खिशात बसून माझ्याबरोबर ऑफिसला जातं आणि मागे उरलेल्यांसाठी दिवाणखान्यात मुकी पेटी राहते. रेडिओ घराचा होता. आला-गेलेला पाहुणाही तो लावू शकत असे. मे २०२४मध्ये स्पीकर बनवणाऱ्या सोनोस कंपनीने आपलं अ‍ॅप नव्याने घडवून लोकांपुढे ठेवलं, तेव्हा अलार्म, स्लीप टायमर अशा रोजच्या गोष्टी त्यात नव्हत्या आणि जगभरच्या ग्राहकांनी संताप व्यक्त केला. पुढे जानेवारी २०२५मध्ये कंपनीचे प्रमुख पॅट्रिक स्पेन्स पायउतार झाले. घराघरांतले स्पीकर आदल्या दिवशी होते तितकेच धडधाकट होते. त्यांच्यापर्यंत जायची वाट मात्र तेवढ्या एका अ‍ॅपमधून जात होती.

म्हणून डब्यावर पडदा असावा, या बाजूला मी झुकतो. त्याने यंत्र पुन्हा घराचं होतं. फक्त त्याच्या शेजारी एक खरा, जड, फिरणारा नॉब हवा आणि हाताला चाचपून कळतील अशी पाच-सहा बटणं हवीत: पहिलं अभंगांचं, दुसरं नाट्यगीतांचं, तिसरं आकाशवाणीचं, ज्याचं त्याने ठरवावं. सारेगामाचा कारवां २०१७मध्ये आला, पाच हजार गाणी पोटात भरलेला, अंगावर बटणं आणि फिरवायची चकती. मुलांनी तो आईवडिलांसाठी नेला तो जुन्या गाण्यांसाठी, हे खरंच. पण तो त्यांनी वापरला, कारण त्याला काही विचारावं लागत नव्हतं. महागड्या यंत्रांतही हे कळणारे आहेत. इंग्लंडच्या नेम कंपनीने म्यू-सो या आपल्या स्पीकरच्या माथ्यावर आवाजासाठी मोठं फिरतं चाक बसवलं आणि स्पर्शाची जागा त्याच्या मध्यभागी ठेवली. निवड बोटाच्या टोकाने, चव तळहाताने.

आयुष्याचाही प्रश्न आहे. बरा अ‍ॅम्प्लिफायर पंचवीस-तीस वर्षं सहज चालतो. नॉब खरखर करू लागला तर कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला तो साफ करून देतो. पडदा म्हणजे लहानसा संगणकच. त्याचं सॉफ्टवेअर जुनं होतं, एक दिवस गाण्यांची सेवा त्याला ओळखेनाशी होते. सगळं नियंत्रण त्या काचेत कोंडलं असेल, तर काचेबरोबर धडधाकट यंत्रही अडगळीत जातं. पैसे मोजण्याआधी मी आता दुकानात एकच गोष्ट करून पाहतो. डोळे मिटतो आणि आवाज कमी करायचा प्रयत्न करतो.

मागच्या महिन्यात मी आमच्या स्ट्रीमरच्या सेटिंगमध्ये शोधून अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा केला आणि आवाजासाठी वायरलेस नॉब जोडला, चहाच्या बशीएवढा. तो जेवणाच्या टेबलावर असतो. परवा संध्याकाळी आई तिथे मेथी निवडत बसली होती, मातीचे हात. समोर यमन चालू होता. तिने मनगटाने नॉब थोडा फिरवला, चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पेटीवर कोण आहे रे?" पडद्यावर रागाचं नाव होतं, गायकाचं होतं, पुढे काही नव्हतं. मी कपाट उघडलं. तीच रेकॉर्ड बाबांनी घेतलेली होती, कव्हरचे कोपरे फाटलेले. मागच्या बाजूला, सगळ्यात खालच्या ओळीत, पेटी आणि तबला, दोन्ही नावं होती. मी तिला वाचून दाखवली.