मरू इच्छिणाऱ्यास कोणी अडवावे काय?

केज तालुक्यातील एका गावी, सोयाबीनचे पीक बुडाले त्या वर्षी, उपासना आटोपल्यावर एक शेतकरी बंधू मजकडे आला व म्हणाला, "पाळकसाहेब, जो आपला जीव आपणच घेतो, त्यास क्षमा आहे काय?" मी त्यास सहावी आज्ञा समजाविली, जीव हे देवाचे दान आहे असे सांगितले, आणि घरी पाठविले. हा प्रश्न तो का विचारीत आहे, हे मात्र मी विचारले नाही. त्या रात्री त्याच्या पत्नीस त्याचे लक्षण ठीक दिसेना. तिने फवारणीच्या औषधाचा डबा उचलून शेजारणीकडे ठेविला व उजाडेपर्यंत ती त्याच्यापाशी बसून राहिली. तो बंधू आज जिवंत आहे. माझ्या उत्तरात असत्य नव्हते. परंतु त्याचा जीव वाचला तो त्या बाईच्या कृतीने.

कित्येक म्हणतात, "ज्याच्या मनाने मरण घेतले, तो आज नाही तर उद्या मरणारच, त्यास कोण अडविणार?" हे बोलणे शहाणपणाचे वाटते, परंतु खरे नाही. श्रीलंकेचे उदाहरण पाहा. त्या देशात १९८३ पासून २००९ पर्यंत यादवी युद्ध चालले. १९९५ च्या सुमारास तेथे दर लाख लोकांमागे वर्षास सुमारे ४७ जण आत्महत्या करीत. त्यांत पुष्कळ खेड्यांतले होते, व शेतातले विषच त्यांच्या हाताशी असे. १९९५ मध्ये सरकारने अत्यंत जहाल कीटकनाशके बंद केली, १९९८ मध्ये आणखी एक बंद केले. युद्ध संपले नव्हते, दारिद्र्य गेले नव्हते. तरी सुमारे दहा वर्षांत ते प्रमाण निम्म्यावर आले. पिकेही त्यामुळे घटली नाहीत.

यावरून काय दिसते? मरणाची इच्छा अढळ असती, तर एक साधन जाताच सर्वांनी दुसरे शोधिले असते. काहींनी शोधिलेही असेल, परंतु हजारो वाचले. मांजरेला पूर येतो तेव्हा काठ बुडतो. पुढे पाणी उतरते, आणि शेत पुन्हा दिसू लागते. ही इच्छा बहुधा तशीच असते. जो त्या घटकेस बंधूचा हात धरून ठेवितो, तो त्याच्या इच्छेवर जुलूम करीत नाही. त्याच्या उद्याच्या इच्छेची बाजू राखितो. कोणाचे पाणी लवकर उतरत नाही. तेव्हा तो मनाचा आजार असतो, आणि हिवतापाप्रमाणे त्यासही औषध लागते.

पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास कायद्याने शिक्षा होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, असा मनुष्य तीव्र तणावाखाली होता असे समजावे व सरकारने त्याची काळजी घ्यावी, असे ठरविले. राज्य इतके मृदू झाले असता मंडळीने कठोर राहावे काय? असे मरण घडलेल्या घरी जाण्यास आपल्यातील कित्येक कचरतात. मृताचा न्याय देवाकडे आहे. त्याच्या विधवेचे सांत्वन आपणांकडे आहे.

यास्तव उपदेशक बंधूंस विनंती की, कर्ज, दुष्काळ व ऊसतोडीचे कष्ट आपणांस एकट्याने दूर करिता येणार नाहीत. परंतु इतके करिता येईल. फवारणीचे औषध कुलपात ठेवावयास लावावे. खिन्न मनुष्यास स्पष्ट विचारावे, "जीव द्यावा असे मनात येते काय?" विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. तो होय म्हणाला तर त्यास एकटे सोडू नये. अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात त्यास घेऊन जावे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते. ही सोय २०२२ पासून आहे.

फिलिप्पै येथील बंदिशाळेच्या नायकाने कैदी पळाले असे समजून तरवार उपसली, तेव्हा पौलाने अंधारातून मोठ्याने हाक मारून, आम्ही सर्व येथेच आहोत, असे त्यास कळविले. आधी त्याने त्याचा हात थांबविला. तारणाविषयीचा प्रश्न व त्याचे उत्तर ही मागून आली. मी त्या दिवशी हा क्रम उलटा केला होता.