वारस कोणाला हवा?

स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर ज्याने कधी तासभर गाडीची वाट पाहिली आहे, त्याला ऐकू येणे आणि ऐकणे यांतील अंतर निराळे समजावून सांगावयास नको. ध्वनिक्षेपकावरील घोषणा, वाहकांच्या आरोळ्या, रिक्षांचे भोंगे, पाणी आणि चिक्की विकणाऱ्यांची हाक हे सारे एकाच वेळी कानांवर आदळत असते. २०२४ च्या सप्टेंबरात येथवर भुयारी मेट्रो आली आणि गर्दीचा काही भाग जमिनीखाली गेला. गलबला मात्र वरच राहिला.

२०२२ च्या अखेरीस याच गलबल्यात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आम्हांला भेटला. चर्चच्या गायनवृंदात तो गिटार वाजवतो. संगीताचा नाद इतका की, पगारातून दोन वर्षे पैसे बाजूला टाकून त्याने एक उंची परदेशी हेडफोन घेतला होता. बोलता बोलता तो म्हणाला, "काका, सहा वर्षं झाली. आता याचा वारस यायलाच हवा. कंपनी अजून गप्प कशी?"

आम्ही विचारले, "अरे, पण याच्यात उणे काय आहे?"

तो क्षणभर थांबला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "उणं असं काही नाही."

इतक्यात त्याची गाडी लागली व तो निघून गेला. प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला. ज्यात काही उणे नाही, त्याला वारस कशासाठी हवा?

प्रथम त्या वस्तूविषयी न्यायाने बोलले पाहिजे. फ्रिट्झ सेनहायझर यांनी १९४५ साली जर्मनीत हॅनोवरजवळ एक लहानशी प्रयोगशाळा काढली. त्यातून वाढलेल्या कंपनीने २००९ मध्ये 'एचडी ८००' हा हेडफोन बाजारात आणला. त्यातील ध्वनी उत्पन्न करणारे कड्याच्या आकाराचे पटल ५६ मिलिमीटरचे. ते कानासमोर थोडे तिरके बसवलेले, जेणेकरून गाणे डोक्याच्या आत न घुमता समोरच्या व्यासपीठावरून येत असल्याचा भास व्हावा. जाणकारांनी त्याची वाखाणणी केली, पण एक दोषही दाखवला. वरच्या पट्टीतील एका ठिकाणी स्वर अंमळ टोचत असे. २०१६ मध्ये 'एचडी ८०० एस' आला, तेव्हा तो टोचरेपणा शोषून घेणारी एक छोटी पोकळी आत बसवण्यात आली होती. दोष होता, तो दूर केला. यास आम्ही कारागिराचा सद्धर्म म्हणू. सुताराच्या घरी वाढलेल्या प्रभूचे आपण अनुयायी. नेटक्या सांध्याची थट्टा आपण करू नये. संगीत अधिक चांगले ऐकू यावे ही इच्छाही पाप नव्हे. कान हे देवाचेच दान आहे.

मग वारस केव्हा योग्य आणि केव्हा अनावश्यक? या प्रश्नावर 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथातील दोन प्रसंग आम्हांला उद्बोधक वाटतात. पहिल्या अध्यायात यहूदा इस्कार्योतची जागा रिकामी झाली, तेव्हा प्रेषितांनी प्रार्थना करून, चिठ्ठ्या टाकून मत्थियाची निवड केली. पुढे बाराव्या अध्यायात हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब यास तलवारीने ठार मारले. पण त्याच्या जागी कोणाला निवडल्याचा उल्लेख तेथे नाही. प्रेषितांचा अधिकार पुढे बिशपांकडे आला हे खरे. तथापि बारा जणांतील याकोबाचे स्थान रिते झाले, असे कोणी मानले नाही. यहूदाने आपले काम टाकून दिले होते, म्हणून त्याची जागा भरावी लागली. याकोबाने आपले काम पुरे केले होते.

ही कसोटी वस्तूंनाही लावता येईल असे आम्हांला वाटते. जी वस्तू आपल्या सेवेत कमी पडते, तिला वारस हवा. जी आपली सेवा पुरी करीत आहे, तिचा वारस आपण मागतो, तेव्हा ती मागणी वस्तूकडून आलेली नसते; ती आपल्या मनातून आलेली असते.

त्या हेडफोनचेच पाहा. निरोगी तरुण कानाला साधारणपणे २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, आणि वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येत जाते. या हेडफोनची मर्यादा ५०,००० हर्ट्झच्याही पुढे असल्याचे त्याचे निर्माते सांगतात. म्हणजे साधनाची पोच आपल्या कानाच्या केव्हाच पलीकडे गेली आहे. शिवाय त्याची रचना उघडी. बाहेरचा आवाज आत येतो, आतला बाहेर जातो. स्वारगेटवर तो निरुपयोगी. त्याला शांत खोली लागते. आमच्या या तरुणाचे घर दोन खोल्यांचे, माणसे पाच. त्याला उणीव भासत होती ती खरोखर शांततेची, आणि शांततेची सुधारित आवृत्ती कोणताही कारखाना काढू शकत नाही.

याच कंपनीच्या दुसऱ्या एका साधनाची हकिगत येथे सांगण्याजोगी आहे. १९९१ मध्ये तिने 'ऑर्फियस' नावाचा, खर्चाची पर्वा न करता घडवलेला हेडफोन काढला. असे संच जेमतेम तीनशेच्या आसपास झाले. त्याचा वारस आला तो २०१५ मध्ये, इटलीतील करारा येथील संगमरवराच्या पेटीत, सुमारे पन्नास हजार युरो किमतीचा. योगायोग असा की, १९९१ हेच 'सेंतेसिमुस आन्नुस' या परिपत्रकाचे वर्ष. त्यात पोप जॉन पॉल दुसरे यांनी बजावले की, अधिक चांगले जगण्याची इच्छा वाईट नाही. 'असण्या'ऐवजी 'बाळगण्या'ला चांगले जगणे समजणे वाईट. आणि २०१५ हेच 'लाउदातो सी'चे वर्ष. त्यात पोप फ्रान्सिस यांनी वापरून फेकण्याच्या संस्कृतीवर बोट ठेवले आणि थोडक्यात आनंद मानण्याची शक्ती आपण गमावत आहोत, याची खंत व्यक्त केली. हे दोन इशारे त्या हेडफोनांना उद्देशून अर्थातच नव्हते. ते तुम्हां-आम्हांला होते.

आम्ही तरी कोठे निराळे? वडिलांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या आम्ही पेटीत घातल्या, कारण कॅसेट आली. कॅसेटी माळ्यावर गेल्या, कारण सीडी आली. सीड्यांचे काय झाले ते आठवतही नाही. प्रत्येक वेळी आमच्यापाशी अधिक गाणी आली आणि प्रत्येक गाणे आम्ही कमी वेळा ऐकले. उपदेशक ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात कानाच्या या अतृप्तीची तक्रार आहे. ती काही विजेच्या युगाची देणगी नव्हे.

यावर कोणी म्हणेल, सर्वांनीच 'पुरे' म्हटले तर शोध थांबतील, कारागिरांच्या हातचे काम जाईल. आक्षेप रास्त आहे. २०२२ च्या मार्चमध्ये सेनहायझरचा घरगुती श्राव्य साधनांचा व्यवसाय सोनोव्हा या स्विस कंपनीकडे गेला. ही कंपनी मुख्यतः श्रवणयंत्रे बनवणारी. एकीकडे ज्याला सर्व ऐकू येते त्याला आणखी बारीक ऐकवण्याचे कसब, दुसरीकडे ज्याला ऐकू येत नाही त्याला निदान नातवाचे बोलणे ऐकवण्याचे कसब. दोन्ही कामांना सारखीच बुद्धी लागते. पण श्रवणयंत्र अजून कमी पडते. गर्दीत ते सगळेच आवाज मोठे करते, किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर जाते, आणि कित्येक यंत्रे खणात पडून राहतात. तेथे वारस मागणे ही हौस नाही, ते कर्तव्य आहे. शोध थांबावेत असे आम्ही म्हणत नाही. ते उणीव आहे तेथे जावेत, एवढेच म्हणतो.

वारसा चालवण्याची आणखी एक रीत स्वारगेटच्या शेजारीच पाहावयास मिळते. पं. भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून जो संगीतोत्सव चालवला, तो २०१८ पासून मुकुंदनगरच्या मैदानावर भरू लागला. शिष्य गुरूहून अधिक प्रसिद्ध झाला, तरी गुरू जुनापुराणा ठरला नाही. उत्सवाच्या नावात तो अग्रभागीच राहिला. २०११ मध्ये पंडितजी गेले. ऐकणारे येतच राहिले. हा वारसा पूर्वजाला अडगळीत टाकत नाही.

स्वारगेटहून सातारा रस्त्याने निघून नसरापूरच्या फाट्यावर उतरले की बनेश्वरला जाता येते. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेल्या तेथील शिवमंदिरात एक घंटा आहे. तिच्यावर क्रूस आणि १६८३ हे साल आहे. १७३९ मध्ये वसई पडल्यावर चिमाजी आप्पांनी आणलेल्या घंटांपैकी ती एक होय, असे सांगतात. ती युद्धातील लूट होती, हे आपल्या पूर्वजांचे दुःख आम्ही विसरत नाही. तरीही तिच्यासमोर उभे राहिल्यावर मनात राग उरत नाही. जिने एके काळी मिस्सेसाठी माणसे बोलावली, तीच आज दुसऱ्या भाविकांच्या हाताखाली वाजते आहे. सव्वातीनशेहून अधिक वर्षांत तिला वारस लागला नाही. तिचा नाद ऐकणारे मात्र पिढ्यान्‌पिढ्या बदलत गेले. वारस हवा होता तो ऐकणाऱ्यांना, आणि तो मिळत गेला.

अलीकडे तो तरुण पुन्हा भेटला. हेडफोन तोच आहे. त्याच्या आईला कमी ऐकू येते. मिस्सेला ती शेवटच्या बाकावर बसते आणि प्रवचनाच्या वेळी नुसती माळ फिरवते, हे आम्ही बरेच दिवस पाहत होतो. नव्या हेडफोनसाठी साठवलेल्या पैशांतून त्याने तिला श्रवणयंत्र घेऊन दिले. पहिले कानात नीट बसेना, शिट्ट्या मारू लागले. शेवटी बदलून दुसरे घ्यावे लागले.

"काका," तो हसून म्हणाला, "त्याला मात्र वारस हवाच होता."