उरलेलं कोणाच्या ताटात?

बेत ठरवून भाजी आणायची, की भाजी पाहून बेत ठरवायचा? प्रश्न किरकोळ वाटतो, पण घरखर्चाचा आणि कचऱ्याच्या डब्याचा बराचसा निकाल इथेच लागतो. आज बहुतेक शहरी घरांत बेत आधी ठरतो. मोबाइलवर एखादी पाककृती दिसते, तिच्यासाठी लाल-पिवळी ढोबळी मिरची, ब्रोकोली, क्रीमचा डबा अशी खरेदी होते. पदार्थ एकदा होऊन गेला की अर्धी मिरची आणि पाऊण डबा क्रीम फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसतं. त्या उरलेल्याचं काय करायचं, हे पाककृतीत लिहिलेलं नसतं. आठवडी बाजारात जाणाऱ्या बाईचा क्रम उलटा असतो. आज ढीग कशाचा लागलाय, पानं किती ताजी आहेत, दिवस कलता कलता भाव कुठवर उतरलाय, हे बघत ती पिशवी भरते आणि पुढच्या चार दिवसांचं जेवण त्या पिशवीतून ठरतं. काटकसरीचा स्वयंपाक मी म्हणतो तो हा. तेल कमी, मसाला कमी, ताटात पदार्थ कमी, याला मी काटकसर म्हणत नाही. ती नुसती कपात झाली.

हंगामाची भाजी स्वस्त का असते, याचं कारण साधं आहे. मेथी, पालक, मुळा, चाकवत थंडीत जोमानं येतात, सगळ्यांच्या वावरात एकदमच येतात, आणि पालेभाजी दुसऱ्या दिवसापर्यंत तग धरत नाही. ती विकावीच लागते. आषाढ-श्रावणात मात्र पावसानं कोथिंबीर सडते, चिखलातून ती काढून बाजारात आणणं अवघड होतं आणि जुडीचा भाव कडाडतो. पण त्याच दिवसांत दोडका, पडवळ, घोसाळं, कारलं, काकडी मांडवावर लोंबत असतात. कोकणात पहिल्या पावसाबरोबर टाकळा उगवतो, फोडशी येते, शेवळं येतात, पुढे कंटोळी येतात. आणि या रानभाज्यांना कुणी बी पेरलेलं नसतं की खत घातलेलं नसतं. हे वेळापत्रक आपल्या सणांत नीट नोंदलेलं आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीत हरभऱ्याचे दाणे, पावटा, गाजर, वांगं, बोरं, उसाचे करवे आणि तीळ एकत्र येतात, कारण पौषात शिवारात तेच असतं. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं खायचं नाही, म्हणून परसातलं अळू, माठ, शिराळं, भोपळा, सुरण, मका एका पातेल्यात जातात. मसाला जवळजवळ नसतो, तरी ती भाजी वर्षभर आठवत राहते.

आणि आपण मात्र बाराही महिने टोमॅटो मागतो. 2023 च्या पावसाळ्यात टोमॅटो किलोला दीडशे-दोनशे रुपयांवर गेला तेव्हा स्वयंपाक अडल्यासारखी चर्चा झाली. आमटीला टोमॅटो लागत नाही, आंबटपणा लागतो. तो या प्रदेशात कधीच एका फळावर अवलंबून नव्हता. चैत्रात कैरी, मे महिन्यात रातांब्याची सालं वाळवून वर्षाला पुरतील एवढी आमसुलं, उन्हाळ्याच्या तोंडी झोडून, चिंचोके काढून, मीठ लावून बरणीत भरलेली चिंच, शिवाय अंबाडी, चुका, ताक, लिंबू. प्रत्येकाचा आंबटपणा वेगळा आणि प्रत्येकाची जोडी वेगळी: अळूला चिंच-गूळ, चाकवताला ताक, तुरीच्या वरणाला आमसूल. टोमॅटोनं ही सगळी जागा एकट्यानं घेतली. आपल्या स्वयंपाकातली ही मोठी गळती आहे, असं माझं मत आहे. काही महिन्यांनी हाच टोमॅटो भाव पडला म्हणून शेतकऱ्याला रस्त्यावर ओतावा लागतो. तेव्हा पिशवी भरभरून तो घ्यावा, त्याचं सार करावं, चटणी करावी. आणि महागला की बरणीतल्या चिंचेकडे हात न्यावा.

असं करायला पदार्थ पाठ असून भागत नाही, रीत ठाऊक असावी लागते. 1970 साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं वाटी-चमच्याच्या मापांनी कितीतरी नवख्या हातांना स्वयंपाक शिकवला, आणि ते मोठं काम होतं. पण पुस्तक पदार्थ शिकवतं; रीत शिकायची तर कुणाच्या तरी शेजारी चुलीपाशी उभं राहावं लागतं. पालेभाजी पीठ पेरून होते, डाळ घालून होते, ताकातली होते, नुसती लसणीवर परतून होते, दाण्याचं कूट लावून पातळ होते. एवढ्या चार-पाच रीती हातात असल्या की न पाहिलेली जुडी घरी आली तरी प्रश्न पडत नाही. पान चाखायचं: कडवट असेल तर डाळ आणि गूळ, आंबट असेल तर कण्या नाहीतर दाणे, चिकट असेल तर ताक किंवा चिंच. ज्याला हे येतं त्याला भाजीवाली उरलेल्या तीन जुड्या स्वस्तात देते, तेव्हा त्या घ्यायची भीती वाटत नाही.

आता सालींकडे येऊ, कारण खरी करामत तिथे आहे. दोडका सोलला की शिरा निघतात. त्या बारीक चिरून, थोड्या तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, त्यात तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट-मीठ घालून कोरडंच कुटायचं. भाकरीबरोबर ही चटणी असली की दोडक्याची भाजी मागे पडते. दुधीच्या सालीचंही तसंच. मुळ्याचा कंद कोशिंबिरीत जातो, पाला डाळ घालून भाजीत, आणि झाड फुलून शेंगा धरू लागलं की त्या डिंगऱ्यांची भाजी होते. अळूची पानं वडीला आणि फदफद्याला, देठ सोलून फदफद्यातच नाहीतर उकडून दह्यात कालवून देठी. फणस कोवळा असताना कुयरीची भाजी, पिकला की गरे, गरे खाऊन झाले की आठळ्या, आणि त्या जपून ठेवल्या की पावसाळ्यात पालेभाजीत पडतात. पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी गाळून काढतात, त्याची कटाची आमटी होते, आणि अनेक घरांत होळीला पोळीपेक्षा या आमटीची वाट पाहणारे जास्त असतात. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढला की मागे भुसा उरतो. त्यात लसूण-तिखट घालून भुसवड्या वाळत घालतात. लोणी कढवलं की तळाशी राहिलेल्या बेरीवर साखर घालून पोरं पातेलं पुसून खातात.

हरभऱ्याचा पाला तर मला या सगळ्यात सर्वांत शहाणा वाटतो. कोवळे शेंडे खुडले की रोपाला बाजूनं फुटवे जास्त येतात, म्हणजे भाजी खाल्ल्यानं पीक घटत नाही. तो पाला ताजा असताना कांदा, मिरची, तेल-मीठ लावून घोळाणा करतात, आणि जास्त झाला तर सावलीत वाळवून ठेवतात. एप्रिल-मे महिन्यांत बाजारात पालेभाजी महाग आणि निबर असते, तेव्हा डब्यातला हा वाळका पाला, वाळवलेली मेथी, गवार, सांडगे, सांडगी मिरची बाहेर निघतात. हंगाम संपला तरी त्याची चव संपू द्यायची नाही, ही ती तजवीज. स्थानिक वाण टिकतात तेही खाणाऱ्यांमुळेच. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचं बियाणं जपलं आणि 2020 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण जपलेलं बी दरवर्षी पेरलं जायचं असेल तर त्या वाल-घेवड्याला बाजारात गिऱ्हाईक लागतं. ते गिऱ्हाईक आपण आहोत.

उरलेल्या अन्नाचंही शास्त्र आहे. भात थंड झाला की त्यातला पिष्टमय भाग घट्ट होतो, शितं एकमेकांपासून सुटतात. म्हणून फोडणीचा भात रात्रीच्या भाताचाच मोकळा होतो, ताज्याचा गचका होतो. पोळी कडक होते त्याचंही कारण हेच. ती चुरून कांदा, मिरची, शेंगदाण्यांच्या फोडणीत परतली, वरून पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं की पुन्हा मऊ होते. उरलेल्या वरणात चिंच-गूळ आणि गोडा मसाला घालून कणकेची फळं सोडली की वरणफळं, म्हणजेच चकोल्या. कोरडी भाजी थालीपिठात मळली जाते. एक पथ्य मात्र कसोशीनं पाळायला हवं. शिजलेला भात तासन् तास कोमट राहिला तर त्यात बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू वाढतो. त्याचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, आणि त्यानं तयार केलेलं एक विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. उरलेला भात परातीत पसरून निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. आंबूस वास आलेलं, तार सुटलेलं अन्न पोटात ढकलणं ही काटकसर नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साधारण 60 टक्के घरांमधून गेलं. त्यात ठेवून विसरलेलं अन्न पुष्कळ असणार, असं आपापल्या घरचा फ्रीज उघडून कुणालाही कळेल.

इथवर सगळं गोड आहे. पण या काटकसरीची किंमत कुणी मोजली, हे विचारल्याशिवाय तिचं कौतुक करणं मला अप्रामाणिक वाटतं. स्वस्त भाजी वेळ मागते. मेथी निवडायची, पावटे सोलायचे, अळूला हात खाजवून घ्यायचे, शिरा बारीक चिरत बसायचं. मुंबईच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात संध्याकाळी पिशव्या पसरून भाजी निवडणं चालतं. नोकरीचे तास आणि प्रवास संपवून घरी पोचायच्या आतच दुसरी पाळी सुरू झालेली असते. जुडीमागे वाचलेले पंधरा रुपये त्या बाईच्या झोपेतून आलेले असतात. तयार सोललेले पावटे तिनं विकत घेतले तर तिला उधळी म्हणायचा कुणालाच हक्क नाही.

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. शिळं खाल्लं कुणी? ताजं आधी पुरुषांना आणि मुलांना, आणि रात्रीची भाकरी मागाहून जेवणाऱ्या बाईला, असा रिवाज कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालला. ‘मला शिळंच आवडतं’ हे वाक्य ज्या आईच्या तोंडी असायचं, तिला कधी निवड करायला मिळाली होती? घराच्या उंबऱ्याबाहेर तर याहून वाईट होतं. गावगाड्यात राबणाऱ्या दलित कुटुंबांना मजुरी म्हणून उरलेले शिळे तुकडे मिळत, आणि वर त्याला दान म्हटलं जाई. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फेकलेले तुकडे आणि मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं आपल्या लोकांना सांगितलं, ते या अपमानाला उत्तर होतं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या अन्नाची नोंद करतं. ते वाचल्यावर टंचाई आणि काटकसर एकाच मापानं मोजता येत नाहीत. 1972 च्या दुष्काळात लोकांनी मिलो आणि सुकडी खाल्ली, ती भुकेपोटी. ज्याच्याकडे दुसरं काही आहे आणि तरीही जो असलेलं वाया घालवत नाही, त्याच्याच वागण्याला काटकसर म्हणता येतं.

म्हणून मला दोन्ही टोकं मान्य नाहीत. जुन्या स्वयंपाकघराचे नुसते गोडवे गाणंही नाही, आणि शिळं म्हणजे कमीपणा असं मानून दोन पोळ्या कचऱ्यात टाकणंही नाही. हे ज्ञान बायकांनी कष्टातून आणि पुष्कळदा अन्यायातून कमावलं आहे. ते टिकवायचं असेल तर त्यातला अन्याय काढून टाकावा लागेल, आणि तो काढण्याची जागा घरातच आहे: भाजी निवडायला सगळे हात हवेत आणि उरलेलं सगळ्या ताटांत पडायला हवं. माझा अनुभव असा की उरलेलं सगळे मिळून खातात त्या घरात ते चविष्टही होतं, कारण मग त्याच्या फोडणीत कुणी हात आखडता घेत नाही.

उद्या सकाळी रात्रीच्या पोळ्या उरल्या असतील तर त्या चुरा, कांदा-मिरचीवर खमंग परता, वर कोथिंबीर आणि लिंबू द्या आणि घरातल्या प्रत्येकाला सारख्या वाढा. आणि पोळ्या चुरायचं काम आजवर ज्याला कधी सांगितलं नसेल, त्याला सांगा.