न सोडलेला बाण

चित्रपटगृहातून बाहेर पडलेला माणूस जे बोलतो त्याला आपण ‘मत’ म्हणतो आणि विसरून जातो. मताला वजन नसते, ते केव्हाही पालटता येते, असा आपला समज असतो. दीनच्या दृष्टीने मात्र मत हीदेखील एक साक्ष आहे. अमुक दृश्य आवडले, अमुक खुपले असे सांगताना मनुष्य आपल्या अंतःकरणाची खबर देत असतो. सूरह अन-निसाच्या १३५व्या आयतीत श्रद्धावंतांना न्यायावर ठाम राहण्याची आणि वेळ आली तर स्वतःविरुद्ध व आप्तेष्टांविरुद्धही खरी साक्ष देण्याची आज्ञा आहे. चित्रपट पाहणे जायज की नाजायज हा फिकहचा प्रश्न आज बाजूला ठेवतो. पाहिल्यावर आपण जी साक्ष देतो, तिच्यापुरतेच येथे बोलायचे आहे.

५ डिसेंबर २०२५ रोजी आदित्य धर दिग्दर्शित ‘धुरंधर’ प्रदर्शित झाला. कराचीच्या ल्यारी भागातील टोळ्यांमध्ये शिरलेला भारतीय हेर, ही त्याची कथा. लांबी साडेतीन तासांची आणि प्रमाणपत्र केवळ प्रौढांसाठीचे. मी तो पाहिलेला नाही. त्याविषयीची मते मात्र पुष्कळ ऐकली. खडकवासल्याच्या चौपाटीवर रविवारी पुण्याहून लोटणाऱ्या गर्दीत ऐकली, नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवरही ऐकली. ज्यांचे वय पंधराही नाही अशा मुलांना त्यातली दृश्ये मोबाईलवरून पाठ झालेली होती. अक्षय खन्नाने साकारलेला रहमान डकैत एका अरबी गाण्यावर नाचत येतो, तो नाच तर गल्लीगल्लीत पोहोचला. हा माणूस कथेत काय काय करतो हे कोणी सांगत नव्हते. त्याचा रुबाब सांगत होते.

आपल्यातील जाणत्यांची तक्रार वेगळी होती. पडद्यावर मुसलमान दिसला की तो दाढीवाला क्रूरकर्माच का असावा, ही ती तक्रार. ती खोटी नाही. पडद्यावरचा संशय पडद्यावरच राहत नाही. भाड्याने खोली शोधणाऱ्या आपल्या मुलाला तो दारात उभा असलेला भेटतो. सूरह अल-हुजुरातच्या १२व्या आयतीत अल्लाहने संशयापासून आणि इतरांच्या दोषांचा माग काढण्यापासून रोखले आहे. जी कथा एका अख्ख्या समाजाविषयी संशय पेरते तिला जाब विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

पण साक्ष स्वतःविरुद्धही द्यायची असते. २५ जानेवारी २०२३ रोजी ‘पठाण’ आला तेव्हा आपली मते काय होती, आठवून पाहा. त्यातही गोळ्या होत्या, स्फोट होते, नाव नसलेली माणसे धडाधड पडत होती. त्यांची मोजदाद आपण केली नाही. नायकाच्या नावावरच आपण खूश होतो. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला, दिवाळीच्या रात्री, मालेगावच्या मोहन चित्रपटगृहात ‘टायगर ३’ चालू असताना प्रेक्षकांनी आतच फटाके आणि बाण उडवले. बंदिस्त जागेत ठिणग्या उडाल्या, लोक जीव मुठीत धरून पळाले, पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात न घालता चित्रपटाचा आनंद घ्या, असे खुद्द सलमान खानला लोकांना सांगावे लागले. पडद्यावरच्या हेराने आग ओकली आणि खुर्चीवरच्या माणसालाही ती ओकावीशी वाटली. शेजारी कोणाचे तरी लेकरू बसले आहे, हे त्या क्षणी सुचले नाही.

म्हणजे आपले मत हिंसेविषयी नव्हतेच. मारणारा कोण आणि मरणारा कोण, एवढ्यावरच ते ठरत होते. एखाद्या समाजाचे वैर तुम्हाला अन्यायाकडे नेऊ नये, असे सूरह अल-माइदाच्या आठव्या आयतीत बजावले आहे. त्या कसोटीवर तक्रार करणारे आपण आणि टाळ्या वाजवणारे आपण, दोघेही अडकतो.

यावर कोणी म्हणेल, मौलाना, ते सारे खोटे असते. रक्त म्हणजे लाल रंग. मान्य. रक्त खोटे, पण ते पाहून उसळलेला आनंद खरा असतो, आणि कान, डोळे व हृदय या तिघांनाही विचारणा होणार आहे, हे कुरआनने (१७:३६) सांगून ठेवले आहे.

तरीही हिंसेचे चित्रण म्हणजेच पाप, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर मराठीच्या अभ्यासक्रमात मी आवडीने वाचलेला शाहीर तुळशीदासाचा पोवाडाही बाद करावा लागेल. धरणाच्या पाण्यापलीकडे जो सिंहगड दिसतो, त्याच्यावरच १६७०च्या लढाईत तानाजी मालुसरे पडले. पोवाड्यात तलवारी आहेत, रक्त आहे. पण तानाजी पडतात तेव्हा ऐकणाऱ्याच्या छातीत कळ उठते. गड मिळाल्याचा आनंद त्या दुःखाखाली दबून जातो. तिथे मरणाला वजन आहे. ज्या कथेत शंभर माणसे पडूनही प्रेक्षकाच्या हातातला पॉपकॉर्नचा घास थांबत नाही, तिची चिंता वाटते.

आमच्या खडकवासल्याला तर हे समजायला दूर जावे लागू नये. येथेच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी तिची पायाभरणी केली. तिची मुख्य इमारत सुदान ब्लॉक म्हणून ओळखली जाते, कारण दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या भूमीवर लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानने देणगी दिली होती. येथून शिकून गेलेल्या आणि कर्तव्यावर प्राण दिलेल्या अधिकाऱ्यांसाठी प्रबोधिनीत एक स्मृतिस्थळही आहे. ज्यांना खरोखर शस्त्र उचलायचे आहे ते तीन वर्षे शिस्त शिकतात आणि मेलेल्यांपुढे मान झुकवतात. शिट्ट्या ज्यांना कधीच लढायचे नाही ते वाजवतात.

हेराची कथाच ऐकायची असेल तर आपल्याकडे एक आहे. सहीह मुस्लिममध्ये ती आली आहे. हिजरी सन ५, खंदकची लढाई. मदीनेला वेढा पडलेला. रात्र सोसाट्याच्या वाऱ्याची आणि कडाक्याच्या थंडीची. शत्रूच्या गोटातील बातमी कोण आणील, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तीनदा विचारले. कोणी उठले नाही. अखेर त्यांनी हजरत हुजैफा बिन यमान (रजि.) यांना नाव घेऊन उठवले आणि ताकीद दिली की केवळ बातमी आणा, त्यांना चिथावू नका.

हुजैफा निघाले. त्यांना थंडी वाजेनाशी झाली, जणू ते हमामातून चालले होते. शत्रूच्या तळात पोहोचले तेव्हा समोर सेनापती अबू सुफियान विस्तवाशी पाठ शेकत होते. हुजैफांनी बाण धनुष्याला लावला. नेम चुकणे शक्य नव्हते. पुढे ते स्वतःच तसे सांगत. आजच्या पटकथाकाराला या क्षणासाठी कोट्यवधी रुपये मिळाले असते. हुजैफांना ती ताकीद आठवली आणि त्यांनी बाण सोडला नाही.

पुढे मक्का जिंकली गेली तेव्हा याच अबू सुफियान यांनी इस्लाम स्वीकारला. हे त्या रात्री कोणालाच ठाऊक नव्हते. हुजैफांना तर नव्हतेच. त्यांनी फक्त हुकूम पाळला होता.

ते परतले, बातमी सांगितली, आणि मग त्यांना थंडी भरली. प्रेषितांनी (स.) ज्या चादरीत नमाज अदा केली होती, तिचाच पदर त्यांच्या अंगावर घातला. हुजैफा पहाटेपर्यंत गाढ झोपले. सकाळ झाल्यावर प्रेषितांनी (स.) ‘झोपाळू’ म्हणून हाक मारली आणि त्यांना उठवले.