तार्तूच्या कलमाचा उत्तरार्ध

२०१४ साली क्रिमियात आणि २०२२ साली युक्रेनच्या आणखी चार प्रांतांत परक्या फौजेच्या पहाऱ्यात मतदान उरकले गेले आणि त्याला ‘स्वयंनिर्णय’ हे नाव दिले गेले. बलाढ्य शेजाऱ्याने लहान देशाचा लचका तोडायचा आणि त्यावर त्याच देशाच्या हक्काचे नाव लिहायचे, हा या शब्दावरचा अन्याय आहे. लेनिन आणि विल्सन यांनी तो शब्द जगभर नेला, हे सर्वांना ठाऊक आहे. १९१९ साली लोकमान्य टिळकांनी त्याच्याच आधारे पॅरिस परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना निवेदन पाठवले आणि एस्टोनियाचे परराष्ट्रमंत्री यान पोस्काही त्याच परिषदेच्या दारी उभे होते. दोघांनाही तिथे हवे ते मिळाले नाही.

खरा बदल झाला तो एस्टोनियातल्या तार्तूमध्ये, २ फेब्रुवारी १९२० रोजी, आणि तोच चुकीचा वाचला जातो. तिथल्या करारात सोव्हिएत रशियाने एस्टोनियाला बिनशर्त मान्यता दिली; त्या कलमाची सुरुवात स्वयंनिर्णयाच्या सोव्हिएत घोषणेच्या उल्लेखाने होते. म्हणून अनेकांना ती लेनिनची देणगी वाटते. पण लेनिनने याआधीही एका ‘एस्टोनिया’ला मान्यता दिली होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये लाल सैन्य एस्टोनियाच्या नार्व्हा शहरात शिरले, त्याच्या पाठोपाठ तिथे कामगार कम्यून जाहीर झाले आणि डिसेंबरात मॉस्कोने त्याला मान्यता दिली. तत्त्व तेव्हाही तेच होते, फक्त ‘स्व’ कोण हे मॉस्को ठरवत होते. १९१९च्या डिसेंबरात तार्तूत वाटाघाटी चालू असतानाही नार्व्हावर हल्ले होतच होते. ते परतवले गेले, तेव्हा वर्षाच्या अखेरच्या दिवशी युद्धविरामावर सह्या झाल्या. वकिलीत मुरलेल्या पोस्कांच्या शिष्टमंडळाने पदरात पाडून घेतले ते कलमाच्या उत्तरार्धात आहे: या भूमीवरचे आणि तिथल्या जनतेवरचे सारे सार्वभौम हक्क रशियाने कायमचे सोडले. तोवर लहानांनी मागायचा हक्क असलेला स्वयंनिर्णय इथे मोठ्याने पाळायचे बंधन झाला.

नाकेबंदी फोडण्यासाठी रशियालाही हा तह हवाच होता, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे. पण गरजेपोटी दिलेला शब्द दिलेलाच असतो, आणि कोणता शब्द घ्यायचा हे पोस्कांच्या हाती होते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: १९४० साली हा कागद एस्टोनियाला वाचवू शकला नाही. तेव्हाही सोव्हिएत सैन्याच्या छायेत एकाच यादीची निवडणूक झाली, प्रचारात विलीनीकरणाचा उच्चारही झाला नाही, आणि नव्या संसदेने आठवड्याच्या आत सोव्हिएत संघात प्रवेश मागितला. मात्र हक्क आधीच सोडलेले असल्यामुळे त्या प्रवेशाला आक्रमण म्हणता आले. अमेरिकेने हे विलीनीकरण कधीच मान्य केले नाही. पोस्का तर तहानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, ७ मार्च १९२० रोजी वारले; दोस्त राष्ट्रांची विधिवत मान्यताही त्यांना पाहता आली नाही. पण त्यांनी घेतलेला शब्द टिकला: २० ऑगस्ट १९९१ रोजी एस्टोनियाची राजधानी तालिनने जगाकडे मागणी केली ती नव्या मान्यतेची नव्हे, राजनैतिक संबंध पुन्हा जोडण्याची.