मृत पक्ष्याची साक्ष

आपल्या रायगड किनाऱ्यावरील माणसाला मरण अपरिचित नाही. पहाटे होड्या परततात, टोपल्या उतरतात आणि ऊन चढण्यापूर्वी मासळी बाजाराच्या वाटेला लागते. कोर्लई असो, रेवदंडा असो वा मुरूड, या रोजच्या मरणाबद्दल कोणाच्या मनाला टोचणी लागत नाही आणि ती लागण्याचे कारणही नाही. प्रभू येशूने ज्यांना प्रथम हाक मारली ते जाळी टाकणारे कोळीच होते. पुनरुत्थानानंतर तिबेरिया सरोवराच्या काठी निखाऱ्यांवर मासळी भाजून शिष्यांना न्याहारीला बोलावणाराही तोच होता. अन्नासाठी घेतलेला जीव हा आपल्या दृष्टीने देवाच्या दानाचा स्वीकार आहे.

परंतु ज्ञानासाठी घेतलेल्या जिवाचे काय?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना घेऊन आम्ही मांडव्याहून लाँचने मुंबईला गेलो होतो. गेटवेपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. जुनी मंडळी त्याला अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणतात. १९२२ साली ते जनतेसाठी खुले झाले. तेथील निसर्गविभागात काचेआड रोहित पक्ष्यांचा थवा आहे, गवा आहे, धनेश आहे, वाघ आहे. मुले हरखून पाहत होती. तेवढ्यात एका कोळ्याच्या मुलाने विचारले, ‘‘फादर, मासे आपण खातो. यांना तर कोणीच खाल्लं नाही. मग मारलं कशाला?’’

मुलाच्या प्रश्नाला त्या क्षणी मी थोडक्यात उत्तर दिले. परंतु हा प्रश्न थोडक्यात आटोपण्याजोगा नाही, म्हणून येथे त्याचा सविस्तर विचार करू.

प्रथम हा संग्रह कसा उभा राहिला ते पाहिले पाहिजे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईतील आठ निसर्गप्रेमी भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, एकत्र आले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. आरंभी सोसायटीचा संसार फिप्सन नावाच्या मद्यव्यापाऱ्याच्या कचेरीत थाटला गेला. त्या कचेरीत विल्यम नावाचा एक जिवंत धनेश पक्षी पंचवीसहून अधिक वर्षे राहिला. सोसायटीच्या बोधचिन्हावर आज धनेश आहे तो त्यामुळेच. सोसायटीने गोळा केलेल्या नमुन्यांतूनच पुढे वस्तुसंग्रहालयाचा निसर्गविभाग सजला. मूळ संशोधन-संग्रह मात्र शहीद भगतसिंग मार्गावरील ‘हॉर्नबिल हाऊस’मध्ये आहे. तो प्रेक्षकांसाठी नसून अभ्यासकांसाठी आहे. त्यात एक लाखाहून अधिक नमुने आहेत. सपाट खणांमध्ये कापूस भरलेले पक्षी उताणे, ओळीने निजवलेले असतात. प्रत्येकाच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते आणि तिच्यावर नाव, ठिकाण, तारीख व गोळा करणाऱ्याची सही असते.

अशाच खणांसमोर १९०८ च्या सुमारास एक लहान मुलगा उभा राहिला होता. छऱ्याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून कुतूहलाने त्याने मामांना विचारले. मामांनी त्याला सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्डसाहेबांनी चिमणी ओळखली आणि मुलापुढे खणांमागून खण उघडले. तो मुलगा म्हणजे थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली. पुढे १९८५ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले, तेव्हा त्याला ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’, म्हणजे ‘एका चिमणीचे पडणे’, असे नाव दिले. हे शब्द कानी पडताच आपल्याला मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायाची आठवण होते. बाजारात कवडीमोलाने विकली जाणारी चिमणीदेखील स्वर्गीय पित्याच्या नजरेआड भूमीवर पडत नाही, असे प्रभू तेथे सांगतो.

मग त्या मुलाने पाडलेली ती चिमणी? तीही पित्याच्या नजरेआड पडली नाही. प्रश्न इतकाच की, तिच्या पडण्याचा हिशेब कसा मांडायचा?

दोन उत्तरे सहज सुचतात. पहिले असे की, उत्पत्तीच्या पुस्तकाप्रमाणे देवाने मनुष्याला पशुपक्ष्यांवर सत्ता दिली आहे, तेव्हा हा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु ते पुस्तक तेथेच थांबत नाही. दुसऱ्या अध्यायात देव सर्व प्राणी आदामापुढे आणतो, ते त्याने मारावेत म्हणून नव्हे, तर त्यांना नावे द्यावीत म्हणून. मनुष्याच्या सत्तेचे तेथे दिसणारे पहिले कृत्य म्हणजे नाव देणे. आणि ज्याचे नाव आपण घेतो त्याच्याशी आपले नाते जडते.

दुसरे उत्तर असे की, जीव घेणे सर्वथा पाप आहे. परंतु तसे मानले तर त्या मुलाच्या बापाचा होडीवरचा घाम पापाचा ठरेल, आणि ही शिकवण ख्रिस्तसभेची नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षण-ग्रंथात मधला मार्ग सांगितला आहे. अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करणे योग्य आहे. मनुष्याच्या जिवाला उपकारक ठरणारे प्रयोगही मर्यादेत राहून करता येतात. परंतु गरज नसताना प्राण्यांना क्लेश देणे वा त्यांचा जीव घेणे मनुष्याच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. म्हणजे सारे ओझे ‘गरज’ या एका शब्दावर येऊन पडते. भूक ही गरज आहे, हे आपण जाणतो. जाणून घेणे हीही गरज मानायची काय?

माझ्या मते मानायची, पण एका अटीवर. ती अट त्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीत आहे.

मुरूडजवळचे फणसाड हे एके काळी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. १९८६ साली तेथे अभयारण्य झाले. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर लावलेली मुंडकी आपण पाहिलेली असतात. ते मुंडके पाहून आपण विचारतो, ‘हा कोणी मारला?’ खणातला पक्षी पाहून आपण विचारतो, ‘हा कोण?’ मुंडके मारणाऱ्याचे स्मारक असते, तर नमुना मेलेल्याची साक्ष असतो. दोन्हींत मरण एकच असले, तरी हेतू आणि फळ निराळे असते. नमुन्यामध्ये माणूस जणू त्या जिवाला म्हणतो, ‘तुझा प्राण मी घेतला आहे. आता तुझ्याविषयी खरे तेच सांगण्यास मी बांधलेला आहे.’

ही साक्ष खोटी निघाली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड राहते. १८७३ साली ह्यूम यांनी त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. पुढे खानदेशातील एक इंग्रज अधिकारी डेव्हिडसन यांनी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र तो कोणाला दिसेना. साऱ्या जगातील संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने होते. त्यांपैकी एकावर कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांची सही होती आणि तो गुजरातेत तापीकाठी मांडवी येथे १९१४ साली मिळाल्याची नोंद होती. कर्नलसाहेब नामांकित पक्षितज्ज्ञ. त्यांच्या शब्दावर कोण शंका घेणार? शोधक त्या पत्त्यावरही हिंडले आणि रिकाम्या हाताने परतले.

पुढे अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. तो डेव्हिडसन यांचाच निघाला. संग्रहालयातून चोरून, पेंढा बदलून, पुन्हा शिवून त्याच्या पायाला खोटी चिठ्ठी बांधण्यात आली होती. खोटी नोंद बाजूला सारून रासमुसेन व त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणी गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात, एकशे तेरा वर्षांनी, रानपिंगळा दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला दिसला! त्यानंतर तो मेळघाटात आढळला आणि २०१४ साली ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही आढळला.

या हकिकतीत सातवी आणि आठवी अशा दोन्ही आज्ञांचा भंग आहे, चोरी आणि खोटी साक्ष. खोटी साक्ष केवळ माणसाविरुद्ध देता येते असे आपण समजतो. येथे ती एका मुक्या पाखराविरुद्ध दिली गेली. त्याच्या मरणाचे एकमेव समर्थन म्हणजे त्यातून मिळणारे सत्य, आणि तेच हिरावले गेले. उलट, डेव्हिडसन यांच्या प्रामाणिक चिठ्ठ्यांनी शंभर वर्षांनंतर त्याच्या वंशजांचा पत्ता सांगितला. मेलेल्यांच्या साक्षीने जिवंतांना संरक्षण मिळाले.

असेच आणखी एक उदाहरण इंग्लंडमधले आहे. जुन्या काळच्या हौशी संग्राहकांनी गोळा केलेली बहिरी ससाण्याची अंडी तपासून, कवचे पूर्वीपेक्षा पातळ झाली आहेत, असे रॅटक्लिफ यांनी १९६७ साली दाखवून दिले. दोष डीडीटीसारख्या कीटकनाशकांचा होता. अंडी गोळा करणाऱ्यांना या उपयोगाची स्वप्नातही कल्पना नव्हती.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पुढे भले झाले म्हणून मागचे सारे आपोआप शुद्ध होत नाही. चांगले घडावे म्हणून वाईट करू नये, ही संत पौलाची शिकवण आहे. नुसत्या हव्यासाने शेकडो अंडी लुटणाऱ्याचा हव्यास रॅटक्लिफ यांच्या शोधाने पुण्य ठरत नाही. परमेश्वर वाकड्या रेघांवरही सरळ लिहितो, पण म्हणून आपण रेघा वाकड्या ओढाव्यात असे नाही. आणि जे ज्ञान जीव न घेता मिळू शकते, त्यासाठी जीव घेतला तर ‘गरज’ या शब्दाचा आधार तेथेच निसटतो.

याचा धडा सलीम अलींच्याच आयुष्यात आपल्या किनाऱ्यावर गिरवला गेला. १९२६ पासून ते याच वस्तुसंग्रहालयाच्या निसर्गविभागात व्याख्याते होते. अधिक शिक्षणासाठी ते जर्मनीस गेले आणि १९३० साली परतले, तो पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली. तेव्हा अलिबागजवळ किहीमला राहत असताना त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीकडे दिवसेंदिवस नुसते पाहिले. नर अर्धेमुर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर बिऱ्हाड थाटते आणि नर दुसरे घरटे विणायला घेतो. हा सारा संसार त्यांनी उलगडला. असे ज्ञान कोणत्याही खणातल्या मृत पक्ष्याने दिले नसते. त्यांनी नमुने गोळा करणे पुढेही सोडले नाही, हे खरे. परंतु पक्षी हातात घेण्याहून त्याच्याकडे धीराने पाहणे मोठे असते, हे किहीमने दाखवून दिले. आता तर छायाचित्र, ध्वनिमुद्रण, गळलेले पीस वा रक्ताचा थेंब यांवरूनही पुष्कळ कळते. म्हणून गरजेची सीमा अधिक आखूड झाली आहे.

आपल्या धर्मगुरूंनीही या वाटेवर पावले उमटवली आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिसंग्रह येशूसंघीय फादर ब्लाटर यांच्या नावाने ओळखला जातो. मूळचे स्वित्झर्लंडचे असलेल्या या फादरांनी मिलार्ड यांच्यासमवेत भारतातील सुंदर वृक्षांवर ग्रंथ लिहिला. सलीम अलींपुढे खण उघडणारे मिलार्ड ते हेच. त्यांच्यामागून आलेले स्पेनचे फादर सांतापाव यांनी बोरघाटमाथ्यावरील खंडाळ्याच्या वनस्पतींचा अभ्यास केला, आणि पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. सकाळी मिस्सा अर्पण करणारे हेच हात दुपारी एखादी डहाळी कागदावर दाबून तिच्याखाली तिचे नाव लिहीत. या दोन कामांत त्यांना विरोध वाटला नसावा. संत थॉमस अक्वायनस यांनी म्हटले आहे की, देवाचा चांगुलपणा एका प्राण्यात मावत नाही, म्हणून त्याने नाना प्रकारचे प्राणी निर्मिले. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. या विचाराने पाहिले तर प्रत्येक जाती हा देवाविषयीचा एक शब्द आहे, आणि जाती नष्ट होणे म्हणजे तो शब्द कायमचा पुसला जाणे. पोपमहोदय फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हेच दुःख बोलून दाखवले आहे.

गुलाबी डोक्याचे एक बदक पूर्वी गंगेच्या खोऱ्यात होते. गेल्या शतकाच्या मध्यानंतर त्याची खात्रीलायक नोंद नाही. आता ते संग्रहालयांतून आणि चित्रांतूनच दिसते. संग्रहालयाने हे काम करावे लागणे ही शोभा नव्हे. साक्षीदार हयात राहावा आणि चिठ्ठी खणात, हाच योग्य क्रम आहे. नुसती चिठ्ठीच उरली, तर आपण साक्ष ऐकूनही निकाल दिला नाही, असा त्याचा अर्थ होतो.

आणि हा निकाल दूरदेशीच्या बदकापुरता नाही. २०२३ साली पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित करण्यात आले, कारण तो आता पूर्वीसारखा मिळत नाही. बारीक आसाच्या जाळ्यात बोटभर पिल्ले येतात, ती ना धड खाण्याच्या उपयोगाची, ना विकण्याच्या. अन्नासाठी घेतलेला जीव निर्दोष आहे, असे मी आरंभी म्हटले. पण जे अन्नही होत नाही आणि ज्ञानही देत नाही, असे मरण कोणत्या खात्यात लिहावे? त्याच्या पायाला चिठ्ठी नाही. त्याचे नावही कोणी घेत नाही. पित्याच्या नजरेतून मात्र ते सुटत नाही.

वाचकहो, मुंबईला जाल तेव्हा मुलांना घेऊन त्या काचांसमोर जरूर उभे राहा. वाघ पाहून पुढे पळू देऊ नका. खालचे नाव मोठ्याने वाचायला लावा. एका मेलेल्या जिवाचे नाव शुद्ध उच्चारता येणे ही लहानशी गोष्ट वाटेल. पण आदामाला सोपवलेले एक काम तेच होते, आणि ज्यांना नावे ठाऊक आहेत अशी मुले उद्या जाळे टाकताना त्याच्या आसाकडेही पाहतील.