रक्ताची साक्ष आणि नात्याचा हक्क

स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत ‘क्लान’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘संतती’ असा आहे आणि आडनावाच्या आरंभी येणारा ‘मॅक’ म्हणजे ‘पुत्र’. एका पुरुषाची सारी लेकरे म्हणजे कुळ, ही त्यामागील धारणा. 1746 साली कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट पक्षाचा पराभव झाला, त्यानंतर कुळप्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार कायद्याने संपुष्टात आले. पुढे मेंढ्यांच्या कुरणांसाठी हजारो कुटुंबे डोंगराळ मुलखातून हुसकावली गेली. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियात विखुरलेले त्यांचे वंशज आज आपले मूळ शोधत आहेत. ज्याची मुळे उपटली गेली, त्याने आपल्या मातीचा पत्ता विचारावा यात गैर काही नाही.

पूर्वी हा शोध कागदापाशी थांबत असे. स्कॉटलंडात जन्ममृत्यूची सक्तीची सरकारी नोंदणी 1855 पासूनची. त्यापूर्वीची भिस्त चर्चच्या अपुऱ्या दप्तरांवर. आता डीएनए चाचणी आली. पित्याचे ‘वाय’ गुणसूत्र पुत्राकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. त्यामुळे दोन पुरुषांचा पितृवंश एक आहे काय, हे ताडून पाहता येते.

या नव्या साक्षीने कुळाभिमानाची घडी विस्कटली. मॅकडोनाल्ड कुळाचा मूळपुरुष सॉमर्लेड 1164 साली मारला गेला. परंपरा त्याचा पितृवंश आयर्लंडच्या राजांशी जोडते आणि नॉर्स लोकांना पिटाळून लावल्याबद्दल त्याचा गौरव करते. ऑक्सफर्डचे अनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी या कुळाच्या प्रमुखांची तपासणी केली, तेव्हा त्या सर्वांचे गुणसूत्र एक निघाले खरे. पण त्याची ठेवण नॉर्स होती! शिवाय मॅकडोनाल्ड नाव लावणाऱ्या बहुसंख्य पुरुषांत ते आढळलेच नाही. कारण उघड आहे: प्रमुखाच्या आश्रयाला आलेल्यांनी त्याचेच नाव घेतले. याउलट, 1603 साली बंदी घातलेले मॅकग्रेगर नाव 1774 साली कायमचे मुक्त होईपर्यंत त्या कुळाचे अनेक जण परक्या नावाने जगले. म्हणजे ज्याला रक्त समजले, त्यात आसरा आणि निष्ठा यांचाही वाटा मोठा होता.

इथवर केवळ अभिमान दुखावतो. परंतु माणूस दुखावला तर? प्रिंगल घराण्यात तसेच घडले. कुळाचा प्रमुख कोण हे ठरवण्याच्या प्रकल्पासाठी दहावे बॅरोनेट सर स्टुअर्ट प्रिंगल यांनी आपला नमुना दिला. त्यातून उघड झाले की, त्यांचे वडील हे आठव्या बॅरोनेटचे पुत्र नव्हते. 2016 साली प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीने ही साक्ष ग्राह्य धरली आणि किताब दुसऱ्या शाखेकडे गेला. शंभर वर्षांहून जुनी, कबरीत निजलेल्या एका स्त्रीची गोष्ट चव्हाट्यावर आली. तिला आपली बाजू मांडण्याची संधी आता कोण देणार?

हा सत्याचा विजय म्हणावा काय? इस्लामी शिकवणीत वंशाबाबतच्या सत्याला मोठे मोल आहे. हजरत झैद (रजि.) यांना लोक प्रेषितांचे (स.) पुत्र म्हणत, दत्तकाला त्याच्या खऱ्या पित्याच्या नावाने हाक मारण्याचा आदेश आला आणि ते पुन्हा झैद बिन हारिसा झाले. मात्र मक्केच्या इस्लामी फिकह अकादमीने 2002 साली असाही निर्णय दिला की, शरीअतनुसार प्रस्थापित झालेला वंश तपासण्यासाठी वा नाकारण्यासाठी डीएनएचा आधार घेऊ नये. या दोहोंत विसंगती दिसेल. ती वरवरची आहे. झैद यांचे पिता सर्वांना ठाऊक होते, तेथे कोणाचे झाकलेले उघडे पडले नाही. जे उघड आहे त्याविषयी खोटे बोलू नये, हा एक धर्म. जे झाकलेले आहे ते उकरू नये, हा दुसरा.

कोणी म्हणेल, ज्याचा हक्क बुडाला त्याने काय करावे? त्याने न्याय मागावा आणि न्यायाधीशाने त्याचे ऐकावे. परंतु हक्काची मागणी वेगळी आणि कुतूहल वेगळे. लाळेचा नमुना एकट्याचा नसतो. त्यात माता, आजी, चुलते, अजून न जन्मलेली नातवंडेही असतात. त्यांची संमती आपण घेतलेली नसते. म्हणून चाचणीपूर्वी स्वतःला विचारावे: जे कळेल ते पेलण्याची, आणि पेलून गप्प राहण्याची ताकद माझ्यात आहे काय?

आपल्याकडेही सोयरीक जुळवताना शिजरा काढला जातो आणि खानदानाची उंची मोजली जाते. श्रेष्ठत्व तकव्यावर ठरते, हे आपण जुम्याच्या खुतब्यात ऐकतो आणि दारात पाहुणे येताच विसरतो. नात्यांचे हक्क अदा करता यावेत, यासाठी वंशाचे ज्ञान हवे. ज्या ज्ञानाने एखादा दुरावलेला चुलतभाऊ सापडतो, ते कल्याणकारी. ज्याने सख्खा भाऊ परका होतो, त्याची गरज कोणाला होती, हे आधी पाहावे. आश्रयाला आलेल्याला ‘संतती’त सामावून घेणाऱ्या त्या डोंगरी कुळांनी ही गोष्ट गुणसूत्रांवाचूनच ओळखली होती.